दिवसातून चार वेळा दात घासते

पुण्यात बसून पाथर्डीच्या बाईच्या तोंडात बघता येतं, असं आज कुणी मला सांगितलं की मी म्हणते, बघता येतं, हात लावता येत नाही. लोक हसतात. मला हसू येत नाही. माझ्या आईचा डावा गाल त्यात गेला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.ए., फर्स्ट क्लास. दसरा झाला की आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊस तोडायला जायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. मी नगरला वसतिगृहात राहून शिकले. हे कुणाला कीव यावी म्हणून सांगत नाही. माझ्या पदवीच्या कागदावर त्या दोघांच्या हाताचे घट्टे आहेत, एवढंच सांगते, आणि ते सांगताना माझी मान ताठ असते.

शिकून गावात आले तेव्हा ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत एका संस्थेनं दातांचं केंद्र काढलं होतं. डॉक्टर पुण्यात, खुर्ची आमच्या गावात, आणि मधे मी. माझ्याकडे एक दिवा, पेनाएवढा कॅमेरा आणि एक टॅब. नगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं: पेशंटचा फॉर्म कसा भरायचा, तोंडाचे आठ फोटो कसे काढायचे, ते पाठवून डॉक्टरांना स्क्रीनवर कसं बोलवायचं. पांढरा कोट मिळाला. गावातल्या बाया मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. पहिले चार दिवस मी नको नको म्हणाले. नंतर म्हणायचं सोडून दिलं.

केंद्राचा काहीच उपयोग नव्हता, असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. बोलले ते एकदाच, आणि त्याविषयीच हे सगळं आहे. उपयोग झाला. शाळेतल्या पोरांच्या किडलेल्या दाढा वेळेत कळल्या. एका म्हाताऱ्या बाबांचा गाल सुजून डोळा बंद व्हायला आला होता, त्यांना डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर बघताक्षणी सांगितलं, आत्ताच्या आत्ता नगरला न्या. बाबा वाचले. एरवी दात दुखला म्हणून नगरला जायचं म्हणजे जीप, एसटी, दिवसाचा रोज बुडाला, आणि सोबत येणाऱ्याचाही बुडाला. ते सगळं वाचायचं. भिंतीवर फलकच होता, ‘घराजवळ, मोफत’. मोफत या शब्दाचा मला तेव्हा अभिमान होता.

आता आईच्या मिसरीचं सांगते. आमच्याकडे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, मग पाट्यावर वाटून तिची पूड डबीत भरतात. ती मिसरी. भाजताना घरभर ठसका लागतो. सकाळी उंबऱ्यात बसायचं, चिमूटभर पूड पहिल्या बोटावर घ्यायची आणि दातांवर, हिरड्यांवर, गालाच्या आतून फिरवत राहायची. गावातल्या निम्म्या बाया तसं करतात. एकमेकींच्या डबीतून घेतात, त्यावरच निम्म्या गप्पा होतात. आणि याला आमच्याकडे कुणी तंबाखू खाणं म्हणत नाही. याला दात घासणं म्हणतात. तंबाखू खाणं वेगळं. ते बाप्ये करतात, चुना मळून, पिचकाऱ्या टाकून. मिसरीला ती बदनामी नाही. ती घरची, बायांची, स्वच्छतेची.

मला मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं होतं की ही तंबाखूच आहे. आणखी एक गोष्ट तिथेच कळली, ती म्हणजे लाज. आई एकदा वसतिगृहात मला भेटायला आली, मैत्रिणींसमोर खळखळून हसली, आणि तिचे काळे दात बघून एक मुलगी दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. तेव्हापासून चारचौघांत आई हसली की मी पुढे होऊन बोलायला लागायचे.

त्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. आईची खालची डावी दाढ ठणकत होती. मी म्हणाले, केंद्रात ये, लगेच घेते. तर म्हणाली, “रांगंनं येते. लोक म्हनतील, लेकीनं आईला आधी घुसवली.” आणि खरंच तासभर बाहेर पायरीवर बसली.

स्क्रीनवरच्या मॅडम माझ्याच वयाच्या. गोड बोलायच्या. “नमस्कार काकू, काय त्रास होतोय?”

“दाढ ठनकती, मॅडम. ऊन च्या घेतला की मस्तकात जातंय. आठ दिसांनी कोयता धरायचाय, तवा आजच काय ते करा.”

मॅडमनी फॉर्ममधले प्रश्न वाचायला घेतले. “काकू, तंबाखू, गुटखा, मावा असं काही खाता?”

आईला राग आला. “अगं बया! बाईमानसानं तंबाखू खायची व्हय? आमच्या घरात ह्यो नाद फकस्त हिच्या बापाला.”

“छान. आणि दिवसातून किती वेळा दात घासता?”

आईनं माझ्याकडं बघितलं. शाळेत उत्तर येणारी पोर बघते तसं. “चार येळा तर हुतंच. उठल्या उठल्या, मग जेवल्यावर, मग दुपारी, मग दिवेलागनीला. कदी पाच बी.”

“व्वा, काकू! इथले माझे पेशंट दोन वेळासुद्धा घासत नाहीत. असंच चालू ठेवा हं.”

बाहेर पायरीवर बायांमध्ये खसखस पिकली. आमची शेजारीण तोंडाची फटकळ. ती तिथूनच ओरडली, “अगं, डबी दाव की मॅडमला! चार येळा कशानं घासती ते बी कळू दे!”

“गप गं सटवे,” आई हसत म्हणाली.

मी उठले आणि दार लावून घेतलं.

ते दार मी का लावलं हे मला त्याच क्षणी माहीत होतं. मॅडमना ऐकू जाऊ नये म्हणून. मॅडमनी माझ्या आईला व्वा म्हटलं होतं. माझ्या आईला, पांढऱ्या कोटातल्या कुणीतरी, माझ्या सहकाऱ्यानं, असं उघड कौतुकानं पहिल्यांदाच काही म्हटलं होतं, आणि ते मला टिकवायचं होतं. मी फॉर्मवर बोट टेकवलं. तंबाखू, नाही. दात घासणे, दोनपेक्षा जास्त वेळा. मग आईला दोनदा चुळा भरायला लावल्या आणि कापसानं तिचे दात पुसून काढले, फोटोत काळं दिसू नये म्हणून. फर्स्ट क्लास पदवीधर बाईनं हे केलं.

फोटो काढताना कॅमेरा एकदा दाढेवरून घसरला आणि गालाच्या आतल्या बाजूचा फोटो निघाला. गाल आणि हिरडी यांच्या खाचेत, जिथं मिसरी साचते तिथं, थंड दुधावरच्या सायीसारखं पांढरट, सुरकुतलेलं काहीतरी होतं. मला दिसलं. टॅबवर लाल अक्षरं आली, ‘दात दिसत नाहीत. फोटो पुन्हा घ्या.’ मी तो पुसला आणि पुन्हा घेतला. आठही फोटो दातांचेच लागायचे. गालाला फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

दाढ काढावी लागेल, पुढच्या महिन्यात नगरच्या शिबिरात या, तोवर पाच दिवस या गोळ्या, असं मॅडमनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं. आई खूश. “तुजी मॅडम लई हुशार हाय गं. हात न लावता दाढ गप केली.” दाढ गप झाली म्हटल्यावर शिबिराला कोण थांबतं? दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक आला, भांडीकुंडी चढली, आई-दादा गेले. मिसरीची नवी भाजलेली डबी पदराच्या गाठीत होती. चांगली मोठी. सहा महिने पुरायला हवी ना.

दाढ ठणकत राहिली असती तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते. आपल्या आईची दाढ ठणकत राहायला हवी होती असं म्हणायची पाळी यावी, याचा राग कुणावर काढायचा ते मला सांगा.

संक्रांत होऊन गेली. दादांचा फोन आला. “तुजी आय भाकर कोरड्याशानं, कालवनानं खात न्हाई. दुधात कालवून गिळतीया.”

आईनं फोन ओढून घेतला. “काय न्हाई गं, तोंड आलंय. तिकाट लागतंय नुसतं.”

“किती दिवस झाले, आई?”

“कोन मोजतंय? फडात दिस मोजतेत व्हय, मोळ्या मोजतेत.”

मी म्हणाले, फोटो पाठव. दादांनी एका हातानं आईचा गाल ओढला, दुसऱ्या हातानं मोबाईल धरला. मागं उसाचा पाला, फोटोवर भगभगीत ऊन, दादांचा काळा अंगठा, आणि आत लालसर पांढरं काहीतरी. मी तो टॅबवर चढवला. तासाभरात उत्तर आलं. दाढेची धार लागून जखम झालेली असावी. सोबतचं जेल लावा. दोन आठवड्यांत बरी न झाल्यास प्रत्यक्ष दाखवा.

कागदावर हे उत्तर बरोबर आहे. कुठल्याही डॉक्टरला दाखवा, तो म्हणेल बरोबर आहे. पण ‘प्रत्यक्ष दाखवा’ हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो आणि करायला काय लागतं? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक गेला की दुसरा रिकामा. आई दवाखान्यात गेली तर दादांचंही काम बंद, मुकादमाची बोलणी वेगळी. जखम बाहेरून दिसेना, दाढ ठणकेना, चालता येतंय, मोळी उचलता येतीय. कोण सोडतं? आई म्हणाली, “कारखाना बंद झाला की येते. जेल धाड.”

मी जेल धाडलं. मी स्वतः गेले नाही. सुट्टी नव्हती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. मागितली नव्हती, हे खरं. माझा त्या टॅबवर विश्वास होता. ज्या वस्तूनं मला डॉक्टरीणबाई केलं तिच्यावर नसणार का?

पुढं फोनवर विचारलं, जेल लावतेस ना? तर म्हणाली, “लावते की. आधी जेल, मग वरनं मिसरी. म्हंजी आग हुत न्हाई.” त्याच बोटानं.

पाडव्यानंतर ती आली तेव्हा ट्रकमधून उतरताना हसली नाही. मला वाटलं दमली असेल. दुसऱ्या दिवशी केंद्रात नेली. रांगेत बसली नाही. तेव्हाच मी समजायला हवं होतं. तोंड उघड म्हणाले तर अर्धंच उघडलं. कॅमेरा आत घातला, गालाला लागला, आणि माझ्या आईनं, जिनं विळ्यानं बोट कापल्यावर चिंधी बांधून पाणी भरलेलं मी पाहिलंय, तिनं माझं मनगट धरून हात बाजूला केला. “नगं,” म्हणाली. एवढंच.

मी टॅब बंद केला. त्या दिवशी फॉर्म भरला नाही.

नगरला लागून भिंगारला एक जुने दातांचे डॉक्टर आहेत, कॉलेजात असताना माझी दाढ त्यांनीच काढली होती. सकाळच्या एसटीनं आईला घेऊन गेले. बाईमाणसाला अर्धं तिकीट, दोघींचं मिळून एक. हे वाचवायला आम्ही केंद्र काढलं होतं. जिना चढून वर गेलो. डॉक्टरांनी आईला खुर्चीत बसवलं, हातमोजे घातले, तोंडाजवळ वाकले आणि यंत्र नाही, फॉर्म नाही, पहिलाच प्रश्न विचारला.

“मावशी, मिसरी किती वर्षं लावता?”

“लगीन व्हायच्या आधीपसनं. माझ्या आईच्या डबीतनं घ्यायची मी.”

त्यांनी एक बोट गालाच्या आतून घातलं, अंगठा बाहेरून ठेवला आणि दोहोंच्या मधे गाल हळूहळू चाचपत गेले. एका ठिकाणी थांबले. आई कण्हली. मग मला म्हणाले, “तुम्ही त्या दातांच्या केंद्रात असता ना? हातमोजा घाला. इथं बोट ठेवा.”

मी ठेवलं. पहिल्यांदा माझ्या आईच्या गालाच्या आत माझं बोट गेलं. वरून जखम हरभऱ्याएवढी. पण खाली, आत, नांगरताना फाळाला दगड लागावा तसं काहीतरी कडक. बाकीचा गाल मऊ, आणि हे कडक. मिनिटसुद्धा लागलं नाही कळायला. कुठल्याही फोटोत हे दिसलं नसतं. कडक दिसत नाही, लागतं.

“कळलं?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

“आधी दाढ काडा की, डाक्टर,” आई म्हणाली. “त्येच्यासाठीच तर आलोय.”

“दाढ राहू द्या, मावशी. आधी इथला एक तुकडा काढून तपासायला पाठवू. आजच.”

तपासणीचा कागद आला. त्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, सरकारी योजनेत बसलं. गाल, जबड्याच्या हाडाची एक पट्टी आणि तिच्यावरचे सगळे दात काढले. ती दाढही त्यातच गेली. छातीची कातडी गालाला लावली. डॉक्टर म्हणाले, अजून गळ्याच्या गाठींपर्यंत पोचलं नव्हतं, नशीब. सहा महिने आधी आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं.

सहा महिने आधी ती आली होती. माझ्यासमोर खुर्चीत बसली होती.

मी केंद्रात परत गेले आणि मॅडमना स्क्रीनवर बोलावलं. माझा आवाज चढलेला होता. “तुम्ही चार वेळा दात घासते ऐकून व्वा म्हणालात! कशानं घासते, हे एकदा तरी विचारायचं? काळी हिरडी दिसली नाही तुम्हाला?”

मॅडमनी आईचा फॉर्म उघडला. फोटो बघितले. मी पुसून पांढरे केलेले दात. मग म्हणाल्या, “ताई, तंबाखू ‘नाही’ लिहिलंय. तुमच्या लॉगिनवरून भरलंय. तुम्हाला माहीत नव्हतं का?”

मी स्क्रीन बंद केली. त्या बाईचा मला अजून राग आहे, पण तो राग धरून ठेवायला हाताला काही लागत नाही. त्यांना मिसरी माहीत नव्हती. मला माहीत होती. मला माहीत असावं म्हणूनच तर मला मधे बसवलं होतं. पगार त्याचाच होता.

महिन्याभरानं संस्थेचे एक साहेब कॅमेरेवाल्याला घेऊन आले. यशोगाथेची फिल्म करायची होती. त्यांच्याकडं यादी होती. त्यात माझ्या आईच्या नावापुढं लिहिलेलं होतं, ‘दातदुखी, उपचार पूर्ण, रुग्ण समाधानी’. साहेब म्हणाले, “कर्मचाऱ्याच्या घरातलीच केस, छान होईल. आईंना बोलवा ना.”

मी काय झालं ते सगळं सांगितलं. माझ्या हातानं काय केलं तेही. ऐकून ते म्हणाले, “वाईट झालं. पण शेवटी निदान झालंच ना? म्हणजे आपल्याकडूनच पुढं गेल्या त्या.”

“आपल्याकडनं न्हाई गेल्या,” मी म्हणाले. चिडले की माझीही बोली बदलते. “आपल्याकडनं त्या फडात गेल्या. गोळ्या खाऊन.”

मी म्हणाले, फॉर्ममध्ये दोन ओळी घाला. मिसरी लावता का? आणि गाल आतून चाचपून बघितला का? ते म्हणाले, फॉर्म वरून येतो, आणि चाचपायचा तुम्हाला अधिकार नाही, तुम्ही डॉक्टर नाही. ते खरं आहे. मी डॉक्टर नाही. पदवी बी.ए.ची आहे.

तरी मी चाचपते. आता केंद्रात बाई आली की मी तंबाखूचं विचारतच नाही. म्हणते, डबी दाखव. पदराच्या गाठीतून डबी निघते. मग हातमोजा घालते, गाल आत-बाहेर बोटांत धरते आणि मऊ आहे का कडक, ते बघते. कडक लागलं की फोटो काढत बसत नाही, त्याच दिवशी भिंगारची एसटी. मला काढायचं असेल तर काढा म्हणून मी लेखी दिलंय. अजून कुणी काढलं नाही. कुणी फॉर्मही बदललेला नाही. शेजारीण पहिल्या दिवशीच आली, तोंड वाजवत, “मी बी चार येळा घासते गं डॉक्टरीनबाई,” आणि खुर्चीत बसल्यावर पदराच्या गाठीतली डबी काही काढेना. तिचा गाल मऊ निघाला. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला रागच आला. तिचा मऊ का.

आई आता घरीच असते. दादा एकटे ऊस तोडायला जात नाहीत, गावातच मिळेल ते करतात. तिचं तोंड दीड बोट उघडतं. भाकर चहात भिजवून खाते. मिसरी सुटली. सोडली नाही, सुटली, कारण लावायला तोंड उघडत नाही.

पण सकाळी उंबऱ्यात बसायची तिची सवय गेलेली नाही. काल मी केंद्रात निघाले तेव्हा बसली होती. पहिलं बोट ओठातून आत सरकवून उजवीकडच्या राहिलेल्या दातांवरून फिरवत होती. नुसतं, कोरडं बोट. मी बघतेय हे तिला कळलं. बोट काढलं, पदराला पुसलं.

“मॅडमला सांग,” ती म्हणाली. आता तिचे शब्द एका बाजूनं येतात, पण मला कळतात. “आता एकदाच घासते म्हनावं. तरी व्वा म्हनती का बघ.”

मी कोटाची बटणं लावत होते. वरचं बटण बराच वेळ लागेना.